फडात जाण्याआधी: कोल्हापुरात सामाजिक संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पीएच.डी.ला नाव नोंदवलं की सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर शाहू महाराज येतात, मागोमाग 1920 ची अस्पृश्यांची माणगाव परिषद. यायलाच हवेत. पण महाराजांचा 26 जुलै 1902 चा तो हुकूम एकदा मुळातून वाचा. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच हुकमात पुढे असंही आहे, की केलेल्या नेमणुकांचा तपशील खातेप्रमुखांनी दर तिमाहीला सरकारला कळवावा. न्याय जाहीर करून महाराज थांबले नाहीत, हिशेबही मागितला. आपल्या संशोधनाचा हिशेब आपण कोणाला देतो? गाइडला, विद्यापीठाला, परीक्षकाला. ज्यांच्यावर प्रबंध लिहिला त्यांना बहुधा कोणीच देत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

माझा विषय ऊसतोड मजूर स्त्रियांचा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या जिल्ह्यात उतरतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती टनावरच्या मजुरीतून फिटते. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाच्या मुलाखतीचे पैसे त्या बाईच्या खिशातून जातात. म्हणून तिचं काम थांबवू नका. मी फडातच, ती मोळ्या बांधत असताना शेजारून चालत बोलायचे. संध्याकाळी खोपीवर, त्यांच्या झोपडीवर, गेलात तर ती चुलीपाशी असते आणि उत्तरं नवरा देतो.

पहिल्या भेटीला कोणाबरोबर जाता, याचा फार विचार करा. चिटबॉयच्या (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) गाडीवरून उतरलात की तुम्ही कारखान्याच्या झालात, मुकादमाने ओळख करून दिली की त्याच्या. साखरशाळेतल्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेतल्या, शिक्षिका किंवा गावातल्या आशाताईंबरोबर गेलेलं बरं. त्यांच्याशी बायका आधीपासून बोलत असतात.

संमतिपत्राचंही असंच. एथिक्स कमिटीला सही हवी असते. पण उचल घेताना ज्यांनी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठे दिलेत, त्यांच्यापुढे तुम्ही कागद धरलात की बोलणं तिथंच संपतं. तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी सिनॉप्सिसच्या टप्प्यावरच मागून घ्या, कारणासकट. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला सांगा की नाव येणार नाही, मधेच थांबवता येईल, आणि यातून तुम्हाला पैसे किंवा घरकुल मिळणार नाही. शेवटचं वाक्य जड जातं, तरी सांगाच. वही घेऊन आलेला प्रत्येक माणूस काहीतरी मिळवून देईल, अशी आशा तिथे असते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र परत वाचून दाखवण्यासाठी ठेवा. माझं मजुरीवरचं प्रकरण मी दोन पानांच्या साध्या मराठीत उतरवलं आणि टोळीतल्या बायकांना वाचून दाखवलं. एकजण हातातलं पीठ मळता मळता म्हणाली, "ताई, हे खरं हाय. पण मजुरी नवऱ्याच्या हातात जाती, हे लिवलंच न्हाई. माझा अर्धा कोयता कागदावर कुठं हाय?" त्यावर बाकीच्या बोलायला लागल्या आणि रात्र झाली. स्त्रीच्या नावावर वेगळी मजुरी ही माझ्या प्रबंधातली मुख्य शिफारस त्या रात्रीतून आली. ग्रंथालयात बसून ती मला सुचली नसती.

माहितीच्या अधिकारातून साखर आयुक्तालयाकडे अर्ज करायला लवकर शिका. 2005 चा हा कायदा संशोधकाला फार उपयोगी पडतो, आणि उत्तर आलं की त्याची एक प्रत मजूर संघटनेलाही द्या. जुन्या संस्थानी कागदांसाठी पुराभिलेखागारात जावं लागेल. तिथे मोडी येत नसेल तर अडतं, म्हणून पहिल्याच सुट्टीत मोडीचा वर्ग लावा.

लिहिताना गाव, कारखाना, मुकादम यांची ओळख पुसा. नुसतं नाव बदलून भागत नाही. अमुक तालुका, चार मुली, गर्भाशय काढलेलं, एवढ्यावरून टोळीत कोणीही ती बाई ओळखतं. वर्तमानपत्रात लेख देणार असाल तर जास्तच सांभाळा, कारण प्रबंध पाचजण वाचतात, पेपर मुकादमही वाचतो.

पैशांचं थोडक्यात: आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती बघत राहा, आणि हप्ता उशिरा येईल असं धरून चाला. लोकांमध्ये केलेल्या या कामाला निवडीच्या मुलाखतीत वेगळे गुण मिळतीलच असं नाही. तरी ते वेळापत्रकात लिहूनच काढा, नाहीतर गाइड 'नंतर बघू' म्हणतात. वाचून दाखवायचं ते पट्टा पडायच्या आत, फेब्रुवारीत धरा. टोळी एकदा गावाकडे गेली की त्याच बायकांना गाठायला बीडची एसटी पकडावी लागते, आणि तो प्रवासखर्चही बजेटमध्ये आधीच घातलेला हवा.