किंडल आणि गूगल ड्राइव्हची सोयरीक जुळवताना या चुका टाळा

मावशीच्या वाचनगटाचं गूगल ड्राइव्हवर एक सामायिक फोल्डर आहे. कुणी विकिस्रोतावरून उतरवलेलं पुस्तक टाकतं, कुणी ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पीडीएफ. बाकीच्या बायका फोनवर वाचतात, मावशीचे डोळे दुखतात म्हणून तिला मी माझं जुनं किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन: "अरे, यात ड्राइव्ह कुठंय?"

नाही. माझ्या त्या जुन्या किंडलला ड्राइव्ह ठाऊकच नाही, ड्रॉपबॉक्सही नाही. तरी त्याच्यावर ती पुस्तकं वाचता येतात. ड्राइव्हच किंडलवर उघडण्याचा हट्ट तेवढा सोडावा लागतो. तो हट्ट मीही एक अख्खा रविवार केला होता.

लिंक पाठवू नका, फाइल पाठवा

प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, शेवटी 'किंडल डॉट कॉम' असलेला. त्या पत्त्यावर फाइल जोडून मेल केली की पुस्तक वायफायवरून आपोआप उतरतं. पण ड्राइव्हमधलं 'शेअर' दाबून तो पत्ता टाकला, तर तिकडे जाते नुसती लिंक, आणि किंडल लिंक उघडून पुस्तक आणत नाही. आधी फाइल फोनवर किंवा संगणकावर डाउनलोड करायची, मग जोडायची.

इथेच एक छुपा खड्डा आहे. ॲमेझॉन ५० एमबीपर्यंतची मेल घेतं, पण जीमेलची स्वतःची मर्यादा २५ एमबी. त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल ती ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये लिंक ठेवतं. आपल्याला वाटतं फाइल गेली, आणि किंडल मात्र कोरं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं हमखास या मर्यादेपलीकडची असतात. त्यांच्यासाठी 'सेंड टू किंडल'चं वेबपान वापरा, तिथे २०० एमबीपर्यंत चालतं.

पाठवणाऱ्याचा पत्ताही मंजूर यादीत लागतो. ॲमेझॉनच्या खात्यात 'पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज'खाली ही यादी असते. मावशीचं खातं काढताना मी तिथे माझाच पत्ता घातला, तिचा विसरलो, आणि आठवडाभर ती बिचारी "जात नाही रे" म्हणत राहिली. कधीकधी 'ही फाइल तुम्हीच पाठवली ना' असं विचारणारी मेलही येते. ४८ तासांत होकार दिला नाही तर फाइल रद्द. ही मेल स्पॅममध्ये शोधायची सवय ठेवा.

मोबीचा जमाना गेला

"किंडलसाठी मोबी करून घ्या" हा सल्ला अजून फिरतो. मोबी हा किंडलचा जुना फाइलप्रकार. 'सेंड टू किंडल' २०२२पासून ईपब (ई-पुस्तकांचा सर्वत्र चालणारा फाइलप्रकार) घेतं, मोबीला तिथे आता थारा नाही. उलट केबलने टाकताना ईपब चालत नाही. फाइल 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये दिसते, पण किंडलच्या यादीत येत नाही. थोडक्यात, मेलने ईपब, केबलने किंडलचा स्वतःचा एझेडडब्ल्यू३ हा फाइलप्रकार.

मराठीची खरी गोची

किंडलला मराठी येत नाही असं नाही. २०१६च्या शेवटी ॲमेझॉनने हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्यासोबत मराठी पुस्तकंही किंडलवर आणली. तरीही पाठवलेलं पुस्तक उघडल्यावर 'ÖÖ¸üß' छाप चिन्हं दिसली, तर खोट फाइलमध्ये शोधा.

कारणं दोन. पहिलं, पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये बनलेली असते. या फाँटांत आतले संकेत रोमन अक्षरांचे, वरचं रूप तेवढं देवनागरीचं. पीडीएफमध्ये फाँट सोबत असतो तोवर सगळं छान दिसतं. तिचं ईपब केलं, किंवा मेलच्या विषयात 'कन्व्हर्ट' लिहून पाठवलं, की वरचा मुखवटा गळून पडतो. पारख सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे अगम्य काही उमटलं तर रूपांतराच्या नादी लागू नका.

अशा वेळी ड्राइव्हच कामी येतो. लहान पीडीएफ, साधारण २ एमबीच्या आतली, ड्राइव्हवर 'गूगल डॉक्स'ने उघडली की ते चित्रातला मजकूर ओळखतं, मराठीसुद्धा. जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, मग तिथूनच ईपब म्हणून डाउनलोड करा. तीनशे पानांच्या कादंबरीला हा उपद्व्याप परवडत नाही. तिथे के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत साधन बरं. ते अक्षरं ओळखण्याच्या फंदात न पडता पानाचे समास छाटतं आणि ओळी तोडून सहा इंची पडद्यावर बसवतं. कंटाळा असेल तर पीडीएफ आडवी करून वाचा.

दुसरं कारण ईपबमधलं. फाइल युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्यांसाठीची आजची संकेतपद्धत) असते, पण आतल्या पानांवर तशी नोंद नसते. मग मजकूर युरोपीय संकेतांत आहे असं गृहीत धरलं जातं आणि मराठीचा चुराडा होतो. ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या आणि बदलून देणाऱ्या कॅलिबर या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये ते पुस्तक घाला, माहितीत भाषा 'मराठी' निवडा आणि ईपबचं पुन्हा ईपब करा. वेडेपणा वाटेल, पण बहुतेकदा एवढ्याने भागतं.

कॅलिबरचा जन्मच अशा अडचणीतून झाला. २००६मध्ये सोनीचं पीआरएस-५०० हे वाचनयंत्र आलं, ते लिनक्स या संगणकप्रणालीवर चालत नव्हतं. कोविद गोयल यांनी ते चालवण्यापुरता प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्याचं पुढे कॅलिबर झालं. आज किंडल बाळगणाऱ्याच्या संगणकावर ते नसेल तर मला नवल वाटतं.

ब्राउझर, घरचं वायफाय, केबल

जुन्या किंडलच्या ब्राउझरमध्ये ड्राइव्हचं लॉगिन करत बसू नका. तो मोजक्याच प्रकारच्या फायली उतरवतो आणि आजच्या जड पानांपुढे धापा टाकतो. त्याच ब्राउझरवर कॅलिबरचा कंटेंट सर्व्हर (संगणकातली पुस्तकं घरच्या वायफायवरून देणारी सोय) मात्र झकास चालतो. संगणकावर तो सुरू करा, किंडलमध्ये संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), मग ८०८० हा पोर्ट आणि पुढे 'मोबाइल' असं टाका, यादी समोर येते. पान उघडलं नाही तर आधी दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत का ते पाहा. राउटरचं पाहुण्यांसाठीचं नेटवर्क यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही. मग संगणकाची फायरवॉल, म्हणजे बाहेरची जोडणी रोखणारी सुरक्षाभिंत, अडवत नाही ना ते बघा. आणि पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' नको, साधं 'एचटीटीपी'. किंडलला वायफायच सापडत नसेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ सुरू आहे ना ते बघा, जुनी मॉडेलं ५ पकडत नाहीत.

केबल लावूनही किंडल दिसत नसेल, तर दहापैकी सात वेळा ती फक्त चार्जिंगची केबल निघते (आकडा माझ्या खणातल्या केबलींचा). २०२४पासूनची मॉडेलं मॅकवर थेट दिसत नाहीत, वेगळं ॲप लागतं.

"तुमचं ड्राइव्ह किंडलला जोडून देतो" म्हणत गूगलचा पासवर्ड मागणाऱ्या साइट्सही आहेत. मावशीने एकीवर जवळजवळ टाकलाच होता. आता गटातली एक मैत्रीण फोल्डरमधलं ईपब थेट मावशीच्या किंडलच्या पत्त्यावर मेल करते. त्या मैत्रिणीचा पत्ता या वेळी मी आठवणीने यादीत घातला.