भाचीला 'दिलवाले दुल्हनिया' दाखवताना
आधी भाषण नको, पोरगी लगेच मोबाइल काढेल. १९९५चा सिनेमा सरळ लावा. आगगाडीत राज सिमरनची ब्रा हातात धरून तिला चिडवतो, तिथे गप्प बसा, "शी!" ती स्वतःच म्हणेल. रिमोट लागतो हॉटेलातल्या सकाळी. रात्री नको ते घडलं अशी थाप मारून तो तिला रडवतो, वर अब्रूवर प्रवचन! थांबवा आणि विचारा: शाहरुखच्या जागी तुझ्या वर्गातला मुलगा असता तर? फरीदा जलालचा प्रसंग मात्र पळवू नका. भावांच्या शिक्षणासाठी स्वतःचं शिक्षण थांबलेली आई मुलीकडेही त्यागच मागते, तोही रडत. गाण्यांवर टीका चालणार नाही, ती मी मोठ्याने म्हणते. शेवटी सिमरनचा हात कोण सोडतं, तेवढं बघायला सांगा आणि चहा टाकायला उठा.