छत्रीची काडी, दाभण आणि डावीकडे वळलं की उडणारा फ्यूज

गेल्या जुलैत माझी बाईक डावीकडे वळली की मरायची. सरळ जा, उजवीकडे वळा, काही त्रास नाही. डावीकडे हॅन्डल फुल फिरवलं की खट्, हॉर्न गेला, लाइट गेली, इंजिन बंद. पहिल्यांदा झालं ते सायन सर्कलजवळ, बस आणि टॅक्सीच्या मधून घुसायला गेलो आणि तिथेच गाडी झोपली, वरून धो धो पाऊस, मागून हॉर्नचा वर्षाव. फ्यूज बदलला, चालू झाली. दोन दिवसांनी सोसायटीच्या गेटमधून आत वळताना परत तेच.

चहाच्या टपरीवर एकाने सल्ला दिला, सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घाल, परत उडणारच नाही. बरोबर आहे, फ्यूज उडणार नाही, त्याच्याऐवजी सीटखालून पुढे जाणारी वायर जळेल आणि तिच्यावर पेट्रोलची टाकी बसलेली आहे. हे कधीच करू नका. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, शॉर्ट कुठे आहे ते शोधा.

शोधायला मीटर लागत नाही, बल्ब लागतो. जुना ब्रेक लाइटचा बल्ब घ्या, १२ व्होल्ट २१ वॅटचा, होल्डरसकट. त्याला दोन हातभर वायरी लावा, एकीच्या टोकाला मगर क्लिप, दुसरीच्या टोकाला दाभण, हो तेच, आई गोधडी शिवायला वापरते ते. झाला टेस्ट लॅम्प. आता उडालेला फ्यूज काढा आणि फ्यूजच्या जागी हा बल्ब जोडा, म्हणजे होल्डरच्या एका पत्तीला क्लिप, दुसरीला दाभण. शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि तुम्ही निवांत शोधू शकता. चावी चालू करा. बल्ब मिणमिणतोय तर ठीक, गाडी आपला नेहमीचा करंट खातेय. बल्ब फुल पेटला तर शॉर्ट आहे. मग एक एक वायर हलवत जा, कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, काढत जा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल तिथे तुमचा चोर.

माझ्याकडे हॅन्डल डावीकडे केलं की बल्ब भक्कन पेटायचा, उजवीकडे केलं की मंद. हेडलाइट उतरवली तर दिसलं, मोबाइल चार्जरची लाल वायर स्टीअरिंगच्या नळीला चिकटून गेलेली, वळताना लॉकच्या लोखंडाखाली रोज दाबली जाऊन तिचं प्लास्टिक सोललेलं आणि आत तांबं हिरवं पडलेलं. ज्याने चार्जर बसवला त्याने इग्निशनच्या वायरीला नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळली होती, चार्जरला वेगळा फ्यूज नाहीच. टेप उन्हात विरघळून चिकट डिंक झालेली. पैसे घेतले होते वर.

तर स्वतः चार्जर बसवायचा असेल तर मी असं करतो.

आधी बॅटरीचा मायनस काढायचा, प्लस नंतर. उलटं केलं आणि प्लस सोडवताना पाना चुकून चॅसीला टेकला तर ठिणगीचा जाळ बघायला मिळतो. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी.

वायर घ्यायची मल्टीस्ट्रँड, १ चौरस मिलिमीटरची पुरते. घरातली एकाच जाड तारेची वायर नको, व्हायब्रेशनने आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. लॅमिंग्टन रोडला गेलात तर वायर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर, हीट श्रिंकची (गरम केली की आवळणारी) नळी आणि स्वस्तातला मल्टिमीटर एका चकरेत होतं. जुने कपलर मात्र मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघतो, मेलेल्या गाड्यांचं वायरिंग तुकड्यांनी मिळतं.

चार्जर बॅटरीला डायरेक्ट लावू नका. त्याचा तो निळा दिवा चोवीस तास जळत राहतो. मी मोजला होता, १५ मिलीअँपिअर. काहीच नाही वाटतं ना, पण गणपतीला बारा दिवस गावी गेलात तर सव्वाचार अँपिअर अवर संपतात आणि छोट्या गाडीची बॅटरीच तेवढ्याची असते. म्हणून मध्ये रिले. बॅटरीच्या प्लसवरून ३ अँपिअरचा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, तिथून रिलेच्या ३० नंबर पिनला. ८७ वरून चार्जरचा प्लस. ८५ अर्थिंगला. ८६ ला चावी चालू केल्यावरच करंट येणारी वायर, ब्रेक स्विचला येणारी चालते. रिलेची कॉइल पाव अँपिअरही खात नाही त्यामुळे मूळ वायरिंगवर लोड येत नाही. नुसत्या चार्जरला एवढं कशाला असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे, पण उद्या फॉग लॅम्प लावायचा किडा डोक्यात आला की मोठा फ्यूज आणि जाड वायर टाकून हाच रिले कामाला येतो.

कुठली वायर कुठली हे रंगावरून ओळखताना जपून. होंडाच्या गाड्यांत हिरवी म्हणजे अर्थिंग, काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस. यामाहात काळीच अर्थिंग. एका गाडीची सवय दुसरीला लावली की फ्यूजचं पाकीट संपतं. जुन्या किक मारायच्या गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या छोट्या जनरेटरच्या एसीवर चालते, रेस दिली की उजेड वाढतो ना ती, तिच्या वायरीवरून चार्जर घ्यायचा नाही. आणि इंजेक्शनवाल्या नव्या गाडीत ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या), सेन्सरच्या वायरींना दाभण टोचू नका, तिथे फक्त मल्टिमीटर. एरवी कुठे टोचलंच तर भोकावर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर तिथूनच पाणी शिरतं.

आता सगळ्यात कटकटीचं काम, सीटखालून हॅन्डलपर्यंत वायर न्यायची. टाकी काढायची गरज नाही. जुन्या क्लच केबलच्या आतली तार घ्या, ती हॅन्डलच्या बाजूने टाकीखालून मागे सरकवा, सीटखाली टोक दिसलं की वायर तिला बांधून वरून टेप निमुळती गुंडाळा आणि पुढून ओढा. लेंग्यात नाडी ओवतो तसंच. अडलं तर जोर लावू नका, थोडं मागे घ्या, पिळा, परत ओढा. नजर पोचत नसेल तिथे मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन आत घाला.

कपलरमधली पिन काढायला पुढून बारीक जीभ दाबावी लागते. त्याला जुलैनंतर मुंबईत फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे मोडलेली छत्री. तिची एक काडी हातोडीने चपटी करायची, टोक कानशीने घासायचं. माझ्याकडे अशा तीन आहेत, वेगवेगळ्या जाडीच्या, बायको म्हणते कचरा आहे.

वायर सोलायला नेलकटर, हलक्या हाताने गोल फिरवायचा, तांब्याचे धागे तुटता कामा नयेत. दाताने नको. सोल्डरपेक्षा मी क्रिंप, म्हणजे टोकावर पत्ती दाबून जोडणं, पसंत करतो, सोल्डर वायरीत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर व्हायब्रेशनने तुटते. हीट श्रिंक जॉइंटच्या आधी वायरीत ओवून ठेवा, मी आजही दहातल्या तीन वेळा विसरतो आणि स्वतःला शिव्या घालतो. ती लायटरने आवळायची असेल तर जॉइंट टाकीपासून लांब, आधी घरातच करून आणा.

स्टीअरिंगजवळ वायर ताणलेली नको. दोन्ही बाजूंना फुल लॉक करून बघा, मग चार बोटं ढील ठेवा, आणि तेवढ्या भागावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, पंक्चरवाला फुकट देतो. वायर चार्जरमध्ये खालून वर शिरली पाहिजे, आधी खाली एक वळसा लोंबता सोडायचा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत त्या वळशातून ठिबकून जातं, सॉकेटमध्ये जात नाही. कपलरमध्ये बोटाने थोडी पेट्रोलियम जेली.

शेवटी बल्ब परत फ्यूजच्या जागी. चावी चालू, हॅन्डल डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आणि वॉचमनला सांगायचं की बादलीने हेडलाइटवर पाणी ओत. आमच्या वॉचमनने जरा जास्तच उत्साहात ओतलं, मी कमरेपर्यंत भिजलो, बल्ब मात्र होता तसाच मंद.