पॉलीअॅनिलिनच्या नॅनोफायबरने अमोनिया कसा पकडायचा

सेंद्रिय मटेरियलचा गॅस सेन्सर पहिल्यांदाच करताय तर पॉलीअॅनिलिनच (वीज वाहणारं एक पॉलिमर) घ्या, रूम टेंपरेचरला चालतं, मेटल ऑक्साइडसारखी हीटरची भानगड नाही.

अॅनिलिन हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये विरघळवा, अमोनियम परसल्फेट (अॅनिलिनचं पॉलिमर बनवणारं ऑक्सिडायझर) दुसऱ्या भांड्यात त्याच अॅसिडमध्ये, आणि मग दोन्ही एकदम ओतून झटकन मिसळायचं. थेंब थेंब टाकत बसलात की आधीच्या तंतूंवर नवे थर चढतात आणि नुसते गठ्ठे मिळतात. एकदा मिसळलं की हातही लावू नका, सतत ढवळल्यानेसुद्धा गुठळ्या होतात. नीट जमलं तर साधारण 30 ते 50 नॅनोमीटर जाडीचे तंतू येतात. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्हज घालून, कारण अॅनिलिन कातडीतूनही अंगात जातं.

गाळ पातळ अॅसिडने धुवा, नुसतं पाणी पाणी केलं तर डोपिंग (म्हणजे अॅसिडचे प्रोटॉन, ज्यांच्यामुळे पॉलिमर वीज वाहतं) उतरायला लागतं. मग एक थेंब कंगव्यासारखे दाते असलेल्या इलेक्ट्रोडवर टाकून सुकवा.

आता कोरड्या हवेत रेझिस्टन्स स्थिर होऊ द्या, मग माहीत असलेल्या पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) अमोनिया सोडा. अमोनिया पॉलिमरमधले प्रोटॉन काढून घेतो, त्यामुळे रेझिस्टन्स चढतो, आणि गॅस भरपूर असला तर हिरवी फिल्म चक्क निळी पडते, बघायला मजा येते. रेझिस्टन्समधला बदल भागिले सुरुवातीचा रेझिस्टन्स, हा तुमचा रिस्पॉन्स.

खरी डोकेदुखी दमट हवेची, ओलाव्यानेही रीडिंग हलतं, म्हणून प्रत्येक टेस्टला ह्युमिडिटी सारखीच ठेवा नाहीतर आकडे फेकून द्यावे लागतील.