खड्ड्यात विझणारा सायकलचा दिवा
सिंहगड रस्त्यावर खड्डा आला की पुढचा दिवा विझायचा. सेल नवे होते, दोष स्प्रिंगचा. हादऱ्याने सेल सरकतात आणि क्षणभर संपर्क तुटतो. बारीक पॉलिश पेपरने पत्र्यांवरचा हिरवट थर घासला, स्प्रिंग 2 मिलिमीटर ओढली, सेलच्या कडेला जाड कागदाची घडी घातली. विझणं बंद.

दिवा खालीही झुकायचा. हँडलवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळला. झोताचा मध्य 5-6 मीटरवर पडू द्या. वर धरला तर समोरच्याचे डोळे दिपतात, हे खरंच धोक्याचं आहे.

नवा घ्यायचा तर शहरातल्या उजेडात 100-200 ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) पुरतात, खडकवासल्यापुढच्या अंधाराला 400 तरी हवेत. मागचा लाल दिवा बॅगेआड जात नाही ना, तेवढं बघा.