कमी खर्चातला ट्यूब नॉचर निवडताना काय तपासावे

गोल ट्यूबचे टोक दुसऱ्या गोल ट्यूबच्या अंगावर नीट टेकवायचे असेल, तर त्या टोकाला खोगिरासारखी खाच द्यावी लागते. अशी खाच पाडणारे यंत्र म्हणजे ट्यूब नॉचर. ही खाच नेमकी पडली तर वेल्डिंग सोपे होते. फट १ मि.मी.च्या पुढे गेली की टिग वेल्डिंगमध्ये पातळ ट्यूबला भोक पडू लागते, फट भरण्यासाठी जास्त धातू आणि जास्त उष्णता द्यावी लागते आणि त्या उष्णतेने फ्रेम ओढली जाऊन तिचे माप बदलते. म्हणून नॉचर स्वस्तातला घेतला तरी चालेल, मात्र तो नेमक्या कोणत्या ठिकाणी स्वस्त केला आहे हे विकत घेण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

त्याआधी आपल्याला नॉचरची गरज आहे का, हे प्रामाणिकपणे पाहावे. महिन्याकाठी चार-सहा सांधेच करायचे असतील, तर कागदाचा साचा, अँगल ग्राइंडर आणि अर्धगोल कानस एवढ्यावर उत्तम काम होते. ३८ मि.मी. व्यासाच्या ट्यूबचा परीघ सुमारे ११९.४ मि.मी. असतो. तेवढ्या लांबीच्या कागदावर खाचेची वक्ररेषा काढून तो ट्यूबभोवती गुंडाळायचा, रेषा ट्यूबवर उतरवायची आणि तिच्या किंचित बाहेरून कापून कानशीने रेषेपर्यंत यायचे. सारख्या व्यासाच्या दोन ट्यूब काटकोनात जोडताना ही खाच १९ मि.मी., म्हणजे व्यासाच्या निम्मी खोल असते. या पद्धतीत वेळ जातो, पण हात बसला की सांधा यंत्राच्या तोडीचा येतो. सांध्यांची संख्या डझनांत मोजावी लागू लागली की मात्र नॉचर घेणे योग्य ठरते.

नॉचरचे मुख्य प्रकार चार आहेत. पंच-डाय पद्धतीचा नॉचर ठशासारख्या साच्याने एका दाबात खाच पाडतो, पण प्रत्येक मापासाठी वेगळी डाय, म्हणजे साचा, लागते आणि तिरक्या कोनांत त्याचा फारसा उपयोग होत नाही. रेलिंगसारख्या एकाच मापाच्या कामाला तो चांगला. घासपट्ट्याचा नॉचर वेगवान असतो आणि एंड मिलचा, म्हणजे दंडगोल फिरत्या कटरचा, अत्यंत भक्कम, पण दोन्हींची किंमत आणि मोटरची गरज लहान वर्कशॉपच्या आवाक्याबाहेर जाते. उरतो तो होल सॉ, म्हणजे कडेला दात असलेली वाटीसारखी गोल करवत, बसवून साध्या ड्रिल मशीनवर चालणारा नॉचर. मर्यादित खर्चात बहुतेकांनी हाच घ्यावा असे माझे मत आहे, म्हणून पुढचे सगळे त्याच्याविषयी आहे.

या नॉचरचा जीव त्याच्या शाफ्टच्या, म्हणजे सॉ फिरवणाऱ्या दांड्याच्या, आधारात असतो. विक्रेते कोनाची पट्टी आणि रंगकाम दाखवतात, पण पाहायचा असतो तो शाफ्ट ज्या बुशांमधून (धातूच्या नळीसारख्या आधारांमधून) किंवा बेअरिंगांमधून सरकतो आणि फिरतो तो भाग. समजा दोन बुश एकमेकांपासून ५० मि.मी. अंतरावर आहेत, सॉचे दात पुढच्या बुशापासून ७५ मि.मी. पुढे आहेत आणि प्रत्येक बुशात ०.१ मि.मी. सैलपणा आहे. एवढ्याशा सैलपणाने दातांच्या टोकाशी एकूण ०.४ मि.मी. हालचाल होते. तेच बुश १०० मि.मी. अंतरावर असते, तर ती ०.२५ मि.मी.वर आली असती. त्यात कापताना शाफ्ट पुढे सरकत असल्याने दात बुशापासून आणखी लांब जातात आणि खाचेच्या शेवटी डगमग वाढते. त्यामुळे लांब हाउसिंग आणि दोन टोकांना दूर बसवलेले आधार असलेला नॉचर शक्यतो निवडावा. बेअरिंग आहेत की पितळी बुश, हा प्रश्न त्यानंतरचा. नीट रीम केलेले, म्हणजे आतले भोक नेमक्या मापाला आणलेले, आणि बदलता येणारे बुश लहान कामाला पुरेसे असतात, तर ढिल्या बसलेल्या बेअरिंगचा काही उपयोग नसतो. दुकानात शाफ्ट पूर्ण पुढे काढून त्याचे टोक बोटांनी चारही दिशांना हलवून पाहावे. हाताला खडखड जाणवली तर तो नॉचर तिथेच ठेवावा.

त्यानंतर क्लॅम्प पाहावा. ट्यूब कोणत्याही व्यासाची असली तरी तिचा मध्य शाफ्टच्या मध्यरेषेवर आला पाहिजे, आणि स्वस्त नॉचर सर्वाधिक चुकतात ते इथेच. ३८ मि.मी.च्या ट्यूबवर त्याच मापाचा सॉ १ मि.मी. बाजूला सरकला, तर एका बाजूचा कान, म्हणजे खाचेच्या बाजूला पुढे आलेले टोक, सुमारे ६ मि.मी.ने आखूड होतो आणि दुसऱ्या बाजूला सॉ पोचतच नसल्याने बारीक पट्टी कापायची राहते. ती पट्टी कानशीने काढली तर खाच बसते खरी, पण जोडलेली ट्यूब मध्यरेषेपासून १ मि.मी. बाजूला राहते. एका फाटकाच्या कामात मला ही चूक शेवटची आडवी नळी बसेपर्यंत कळली नव्हती आणि तोवरचे सगळे सांधे पुन्हा कापावे लागले. क्लॅम्पचा आधार स्क्रूने मागेपुढे करता येतो का, निदान त्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालायला जागा आहे का, हे अवश्य विचारावे. अशी सोय असेल तर सुरुवातीची चूक अर्ध्या तासात दुरुस्त होते. ओतीव भागांत कायमची गोठलेली चूक मात्र दुरुस्त होत नाही.

कोनाच्या पट्टीवरचे आकडे अंदाजापुरते समजावेत आणि प्रत्यक्ष कोन कोनमापकाने लावावा. अनेक नॉचरवर ० म्हणजे काटकोनी खाच असते, हेही लक्षात ठेवावे. तिरक्या खाचेत खरी अडचण सॉच्या खोलीची येते. ३८ मि.मी.च्या ट्यूबला ४५ अंशांत खाच देताना सॉच्या दिशेने किमान ५४ मि.मी. अंतर कापावे लागते, तर बाजारातले बरेचसे सॉ साधारण ३८ ते ४८ मि.मी. खोलीचे असतात. मग मध्ये थांबून सुटा तुकडा काढून टाकावा लागतो किंवा खोल सॉ घ्यावा लागतो. नॉचर ६० अंशांपर्यंत वळतो असे लिहिलेले असले, तरी आपल्या सॉने तेवढी खाच पूर्ण होईल असे त्यातून ठरत नाही.

मापांच्या बाबतीत ट्यूब आणि पाइप यांत गल्लत होऊ देऊ नये. ट्यूबचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगतात. पाइपचे नाव नाममात्र असते, आणि १ इंची पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.५ मि.मी. भरतो. सॉ निवडायचा तो ज्या नळीवर टोक टेकणार आहे तिच्या बाहेरच्या व्यासावरून, म्हणून व्हर्नियरने मोजूनच सॉ घ्यावा. सॉ शाफ्टवर ज्या आट्यांनी बसतो, तेही पाहावेत. साधारण ३० मि.मी.पर्यंतच्या सॉला अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २० आटे असतात आणि ३२ मि.मी.पासून पुढे पाच-अष्टमांश इंचाचे, इंचाला १८ आटे असतात. दोन्ही वापरायचे असतील तर नॉचरसोबत अडॅप्टर मिळतो का ते पाहावे.

नॉचरवर वाचवलेले पैसे चांगल्या बायमेटल सॉवर खर्च करावेत. पातळ ट्यूबवर मोठे दात अडकून तुटतात, म्हणून बारीक दातांचा सॉ घ्यावा आणि सुरुवातीला हलकाच दाब द्यावा. ३८ मि.मी.चा सॉ सौम्य पोलादावर मिनिटाला सुमारे २३० फेऱ्यांनी चालवावा, तर स्टेनलेसवर त्याच्या निम्म्या वेगाने, भरपूर कटिंग ऑइल घालून आणि दाब न सोडता, कारण सॉ नुसता घासत राहिला तर स्टेनलेस तिथेच कडक होते. हजारोंच्या वेगाने फिरणारी लहान ड्रिल मशीन इथे दात जाळते. १३ मि.मी. चक, कमी वेगाचा गिअर आणि बाजूचा दांडा असलेली मशीन लागते, आणि ती जवळ नसेल तर तिचा खर्च नॉचरच्या किमतीत आधीच धरावा. सॉ अडकला की मशीन मनगटाला जोराचा झटका देते, म्हणून नॉचर टेबलाला बोल्टने पक्का करावा, दांडा घट्ट धरावा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि फिरत्या शाफ्टजवळ हातमोजे घालू नयेत.

नॉचर परत करण्याची मुदत असेपर्यंत चाचणी उरकून घ्यावी. एका तुकड्याला काटकोनी खाच पाडून तो त्याच मापाच्या ट्यूबवर ठेवावा आणि मागे दिवा धरून फटीतून येणारा प्रकाश पाहावा. दोन्ही कानांची लांबी तुकड्याच्या दुसऱ्या, गुण्यात कापलेल्या टोकापासून मोजावी आणि शेवटी गुण्या लावून सांधा खरोखर काटकोनात बसतो का ते पाहावे. कान असमान निघाले तर शिम घालून पुन्हा खाच पाडावी. शिमने कान समान झाले, पण खाच ट्यूबपेक्षा रुंद पडून दोन्ही बाजूंनी प्रकाश दिसतच राहिला, तर दोष शाफ्टच्या सैलपणात आहे. बुश बदलून मिळत नसतील तर असा नॉचर परत करावा.