नेट कार्ब्स मोजायचे कसे? वजाबाकी सोपीये, लेबल वाचणं अवघड

लो-कार्ब, म्हणजे कमी कार्ब्सचा (कर्बोदकांचा) आहार सुरू केलं की पहिल्या दोन दिवसांतच सूत्र पाठ होतं, टोटल कार्ब्समधून फायबर वजा करा, उरले ते नेट कार्ब्स. फायबरसुद्धा कार्बच आहे पण ते लहान आतड्यात पचत नाही, त्याची साखर होऊन रक्तात जात नाही, म्हणून ते हिशोबातून काढायचं. घोळ सगळा होतो तो पॅकेटच्या मागचं लेबल वाचताना.

मी सुरुवातीला जवसाचं पॅकेट आणलं होतं, त्यावर 100 ग्रॅमला कार्ब्स 2 आणि फायबर 27. केली वजाबाकी, उत्तर आलं उणे 25! म्हटलं वा, हे तर खाल्लं की आधीचे कार्ब्स पण कटतात. झालं असं की ते युरोपियन पद्धतीचं लेबल होतं आणि तिकडे कार्ब्सच्या आकड्यात फायबर धरतच नाहीत, म्हणजे ते 2 हेच नेट. अमेरिकन लेबलवर त्याच जवसाचे टोटल कार्ब्स साधारण 29 दिसतील आणि त्याखाली जरा आत सरकवून फायबर 27, तिथे वजा करायचं. म्हणून आधी बघा, फायबर कार्ब्सच्या पोटात लिहिलंय की वेगळ्या ओळीत. आणि फायबरचा आकडा कार्ब्सपेक्षा मोठा असेल तर ते आधीच काढलेलं आहे, परत काढू नका. कार्ब्स मोजायच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही प्रकारच्या नोंदी सरमिसळ असतात, त्यामुळे तिथेही एकदा पडताळून घ्या.

दुसरं, सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचं धरलेलं प्रमाण. लेबलवर 30 ग्रॅमचा आकडा असतो आणि पॅकेट असतं 75 ग्रॅमचं, आपण पूर्ण संपवतो, मग अडीचने गुणायला नको? एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्याच, मूठभर, चमचाभर हे सगळे अंदाज आपल्याच बाजूने झुकतात (माझे तरी झुकायचे). अमेरिकेत सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असले तर 0 छापायची मुभा आहे, म्हणून "शून्य कार्ब" क्रीमचे दिवसभरात दहा चमचे गेले तर तीन-चार ग्रॅम नकळत पोटात जाऊ शकतात.

लेबल नसलेल्या गोष्टींचे आकडे हळूहळू लक्षात राहतात. 100 ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये टोटल 5, फायबर 2, नेट 3. अ‍ॅव्होकाडो साडेआठातून पावणेसात गेले, उरले पावणेदोन. बदाम 22 वजा साडेबारा, म्हणजे नेट साडेनऊच्या आसपास, आणि काजू मात्र 30 वजा 3, म्हणजे थेट 27! दोन्ही सुकामेवाच, पण दिवसाला 20 ग्रॅम नेट कार्ब्सची मर्यादा पाळणाऱ्याने काजूची बरणी वरच्या फळीवर ठेवलेली बरी. आकडा कच्च्या वजनाचा की शिजवलेल्या हे बघून त्याच स्थितीत वजन करा, शिजताना पाणी कमीजास्त होतं आणि हिशोब चुकतो.

आता "लो-कार्ब" बार आणि चॉकलेटं, इथे माझा विश्वास कमीच. समोर मोठ्या अक्षरात नेट 6 लिहिलेलं असतं, मागे टोटल 22, फायबर 6, माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) 10. त्यांनी सगळंच वजा केलंय. एरिथ्रिटॉल (तसंच दुसरं गोड द्रव्य) पूर्ण वजा केलं तर चालतं, त्याने रक्तातली साखर जवळपास वाढत नाही, पण माल्टिटॉलने वाढते, ते अर्धंच धरा, मग 22 वजा 6 वजा 5, झाले 11.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ही वजाबाकी मनाने करून डोस बदलू नये, डॉक्टरांना विचारूनच.

आणि नेट कमी दिसतं म्हणून एकदम वाट्या भरभरून चिया खायला जाऊ नका, फायबर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवा, सोबत पाणी भरपूर, नाहीतर गॅसने रात्रभर जागरण होतं, मी केलंय.